तेलगळतीनंतर मासेमारी का थांबवतात? मासे धरणाऱ्यांचे आणि खाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१० साली साडेतीन महिन्यांच्या अंतराने दोन अपघात झाले. २० एप्रिलला अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि एमव्ही खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. दोन्हीकडे तेल पाण्यात गेलं, दोन्हीकडे मासेमारी थांबली आणि दोन्हीकडे लोकांनी एकच विचारलं, मासे खायचे की नाही? आखातात पाणी बंद करणं, तपासणं आणि पुन्हा खुलं करणं हे सगळं ठरवून, आकडे जाहीर करत झालं. म्हणून पुढच्या उत्तरांत तेच प्रकरण मुख्य आहे. आपल्या किनाऱ्याचे प्रश्न त्याच्या जोडीने येतील.

तेल सांडलं की मासेमारी लगेच का बंद करतात? आधी मासे तपासावेत, मग ठरवावं.

कारण मासा तपासाची वाट बघत नाही. पहाटे धक्क्याला लागलेला माल दुपारपर्यंत शेकडो घरांत पोचलेला असतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला मात्र दिवस लागतात. लिलावात दहा बोटींच्या टोपल्या एकत्र आल्या की कुठली टोपली कुठल्या पाण्यातली, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तपास होईपर्यंत त्या पाण्यातून माल येऊच द्यायचा नाही.

दुसरं कारण धंद्यावर जाणाऱ्यांना लगेच पटतं. मासा स्वच्छ असला तरी तवंगातून ओढलेलं जाळं स्वच्छ राहत नाही. दोरी, बोया, बोटीचा तळ, डेक धुवायला ओढलेलं पाणी, सगळ्याला तेल लागतं आणि तिथून ते मालाला लागतं. तेल बसलेलं जाळं कितीही धुतलं तरी पूर्वीसारखं होत नाही. बंदीमुळे खाणाऱ्याचं पोट वाचतं, तशी नाखव्याची जाळीही वाचतात.

आखातात किती पाणी बंद केलं होतं?

स्फोटात ११ कामगार गेले, २२ एप्रिलला फलाट बुडाला आणि सुमारे १,५०० मीटर खोल समुद्रतळावरच्या मॅकोंडो विहिरीतून तेल वाहू लागलं. ते १५ जुलैला थांबलं. अमेरिकी सरकारच्या अंदाजाप्रमाणे एकूण ४९ लाख बॅरल तेल बाहेर पडलं. पुढे २०१५ मध्ये न्यायालयाने समुद्रात मिसळलेल्या तेलाचा आकडा ३१.९ लाख बॅरल धरला.

अमेरिकेत समुद्र आणि वातावरणाचं काम बघणारी संस्था म्हणजे नोआ. तिने २ मे रोजी सुमारे १७,६०० चौरस किलोमीटर पाणी बंद केलं. तेल पसरत गेलं तशी ही हद्द वाढत गेली. २ जूनला ती २,२९,२७० चौरस किलोमीटरवर पोचली, म्हणजे आखातातल्या केंद्राच्या अखत्यारीतल्या पाण्याचा ३७ टक्के भाग. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. त्याचा जवळजवळ पाऊण हिस्सा भरेल एवढ्या समुद्रात एकही गळ टाकायला परवानगी नव्हती. किनाऱ्यालगतचं पाणी तिथे राज्यांच्या ताब्यात असतं, त्यामुळे लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, फ्लोरिडा यांनी आपापल्या बंदीचे आदेश वेगळे काढले.

हद्द कशी ठरवतात? समुद्रात काही कुंपण घालता येत नाही.

विमानातून पाहणी, उपग्रहाची चित्रं, वारा आणि प्रवाह यांवरून तेल आज कुठे आहे आणि येत्या दोन-तीन दिवसांत कुठे जाईल याचा नकाशा करतात. त्या तेलाभोवती आणखी काही मैल मोकळं पाणी सोडून रेघ मारतात. रेघ सरळ आणि कोनांना अक्षांश-रेखांश दिलेली असते, म्हणजे जीपीएस बघून तांडेलाला आपण आत आहोत की बाहेर हे कळतं.

आखातात हा नकाशा वारंवार बदलत होता, आणि बदल झाला की तो इंग्रजीसोबत स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषेतही निघत होता. लुइझियानाच्या कोळंबी बोटींवर व्हिएतनामी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. बंदी ज्याने पाळायची त्याच्या भाषेत ती पोचलीच पाहिजे, हे तिथे समजून घेतलं होतं. आपल्या बोटींवर तेलुगू, कन्नड, हिंदी, नेपाळी बोलणारे खलाशी असतात. नुसत्या मराठी पत्रकाने आपलंही भागणार नाही.

बंद पाण्यातून बोट नेता येते का? मासा धरून परत सोडला तर चालतं का?

आखातात बोट नेण्यावर बंदी नव्हती. मासेमारी मात्र पूर्ण बंद होती. त्यात हौशी गळकरी आले आणि धरून सोडणारेही आले.

तेलामुळे माशात नेमकं काय जातं?

दोन वेगळ्या गोष्टी जातात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

पहिली म्हणजे वास आणि चव. तेलातले हलके घटक माशाच्या चरबीत शिरतात आणि शिजवल्यावर रॉकेल-डिझेलसारखा दर्प येतो. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत तो जास्त धरतो. असा मासा विकला जात नाही, पण नुसता वास येणं म्हणजे विषबाधा नव्हे.

दुसरी म्हणजे पॉलीसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात पीएएच. हे एकच रसायन नाही, अनेक रसायनांचं घराणं आहे. त्यातली बेंझोपायरीनसारखी काही दीर्घकाळ पोटात गेली तर कर्करोगाचा धोका वाढवतात. जड पीएएचना नाकाला जाणवेल असा वास नसतो. म्हणजे वास येणारा मासा धोक्याचा असेलच असं नाही, आणि बिनवासाचा मासा निर्धोक असेलच असंही नाही. म्हणूनच तपास नाकानेही करतात आणि यंत्रानेही.

कोणते मासे लवकर स्वच्छ होतात आणि कोणते नाहीत?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि बाजारात उभं राहून तो कुणी विचारत नाही.

पाठीचा कणा असलेले मासे, म्हणजे सुरमई, रावस, पापलेट, घोळ, बोंबील वगैरे, पीएएच आपल्या यकृतात मोडतात आणि पित्तातून बाहेर टाकतात. मांसात ते फार साठत नाहीत. शिवाय मोठा मासा पोहून तवंगापासून दूर जाऊ शकतो. स्वच्छ पाण्यात गेल्यावर त्याचं मांस दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत निवळतं. काळजी पोटातल्या भागांची, म्हणजे यकृत, पित्त, आतडी यांची जास्त.

कोळंबी आणि चिंबोरी मधल्या रांगेत. त्या पीएएच मोडतात, पण माशांपेक्षा सावकाश. शिवाय तळाशी राहतात आणि तळाच्या गाळात तेल बसलेलं असतं. चिंबोरीचा आतला पिवळा-हिरवट भाग अनेकांना सगळ्यात चविष्ट लागतो. घाण साठते ती मुख्यतः तिथेच.

शेवटी कालवं, तिसऱ्या, शिनाणे. यांना पळता येत नाही. दिवसभर पाणी गाळून त्यातलं खाणं घेतात, एखाद्या गाळणीसारखं, आणि पाण्यातलं तेलही त्यांच्यात अडकतं. ते मोडण्याची ताकद त्यांच्या शरीरात फारच कमी. त्यातून ती राहतात खाडीच्या तोंडाशी, खडकावर, तिवरांच्या मुळाशी, म्हणजे तेल आलं की जिथे सर्वांत जास्त दिवस टिकतं तिथेच. त्यामुळे खोल समुद्रातली सुरमई खुली झाली तरी खाडीतल्या तिसऱ्यांवरची बंदी चालू राहणं यात विसंगती काहीच नाही. आखातातही १० ऑगस्ट २०१० रोजी एक मोठा भाग आधी फक्त माशांसाठी खुला केला आणि कोळंबीसाठी त्यानंतर.

लुइझियानाच्या कालवांचा नाश झाला तो मात्र वेगळ्याच कारणाने. तेल किनाऱ्यापासून लांब रहावं म्हणून राज्याने मिसिसिपी नदीचं गोडं पाणी दलदलीत सोडलं. खारटपणा इतका उतरला की बाराटारिया आणि ब्रेटन साउंड भागातली कालवं गोड्या पाण्यानेच मेली.

वास घेऊन तपासतात म्हणजे काय? ही काय शास्त्रीय पद्धत झाली?

पूर्ण शास्त्रीय. मिसिसिपी राज्यातल्या पास्कागूला इथल्या नोआच्या प्रयोगशाळेत हे काम चाललं. खास प्रशिक्षण घेतलेले परीक्षक आधी कच्च्या तुकड्याचा वास घेतात. मग तोच मासा मीठ-मसाला न घालता शिजवतात आणि वाफेचा वास घेतात. शेवटी चव बघतात. प्रत्येक जण आपलं मत वेगळं नोंदवतो. दर नमुन्यामागे किमान ७० टक्के परीक्षकांना तेलाचा किंवा फवारलेल्या रसायनाचा मागमूस लागता कामा नये, तरच नमुना पास.

आपल्याकडच्या कोळणींचं नाक याच्याहून कमी आहे असं मी मानत नाही. टोपलीवर नुसता हात फिरवून माल कालचा की आजचा हे सांगणाऱ्या मावशी भाऊच्या धक्क्यावर कितीतरी भेटतील. त्यांच्यातल्या काहींना या कामाचं रीतसर प्रशिक्षण दिलं तर किनाऱ्यावरच पहिली चाळणी होऊ शकेल.

नाकाची परीक्षा पास झाली की रासायनिक तपास, ज्यात ठराविक पीएएच मोजतात. एकाही प्रकारात नमुना नापास झाला तर तो भाग खुला होत नाही. आणि हे सगळं सुरू करण्याआधीची अट अशी की त्या पाण्यात डोळ्यांना तेल दिसता कामा नये आणि पुन्हा तिथे तेल येण्याची शक्यता नसावी.

तेल विरवण्यासाठी जी रसायनं फवारतात, ती माशात जात नाहीत का?

आखातात कोरेक्झिट नावाचं रसायन सुमारे ७० लाख लिटर वापरलं. त्यातलं बरंचसं थेट समुद्रतळाशी विहिरीच्या तोंडावर सोडलं, आणि असं पूर्वी कधी झालं नव्हतं. लोकांची भीती रास्त होती. सुरुवातीला त्यासाठी माशाच्या मांसात मोजता येईल अशी रासायनिक चाचणी वापरात नव्हती, केवळ नाकावर भिस्त होती. नंतर कोरेक्झिटमधल्या डॉस या घटकाची चाचणी तयार केली आणि ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस निकाल जाहीर केले. १,७३५ नमुन्यांपैकी १३ मध्ये तो अत्यल्प प्रमाणात सापडला आणि तेही ठरवलेल्या मर्यादेच्या खूप खाली.

निकाल दिलासा देणारा होता. पण फवारणी एप्रिलपासून आणि चाचणी ऑक्टोबरमध्ये, हा क्रम मला पटत नाही. समुद्रात जे ओतायचं ते मोजण्याची सोय आधी हवी.

‘सुरक्षित मर्यादा’ कुणाच्या पोटाकडे बघून ठरवतात?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बेंझोपायरीनसाठी किलोमागे माशांना ३५ मायक्रोग्रॅम, कोळंबी आणि चिंबोरीला १३२, कालवांना १४३ अशी मर्यादा आखली. प्रत्यक्षात सापडलेलं प्रमाण यापेक्षा कितीतरी कमी होतं, हेही लगेच सांगायला हवं.

हे आकडे आले कुठून? खाणाऱ्याचं वजन ८० किलो धरलं. दूषित मासे पोटात जाण्याचा काळ पाच वर्षं धरला. एक लाख माणसांत एक जादा कर्करोग इतका धोका मान्य धरला. आणि माणूस किती मासे खातो ते देशभरातल्या आहाराच्या पाहणीवरून घेतलं, त्यात जास्त खाणाऱ्यांचं प्रमाण पकडलं.

यावर अमेरिकेतल्याच काही संशोधकांनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, गरोदर बाई, तान्हं मूल आणि किनाऱ्यावर रोज मासे खाणारी कुटुंबं या हिशेबात बसत नाहीत. त्यांच्यासाठी मर्यादा पुष्कळ खाली हवी. प्रशासनाने आपला हिशेब सोडला नाही.

मला आक्षेप घेणाऱ्यांची बाजू बरोबर वाटते. उरण, वर्सोवा, मालवणच्या कोळीवाड्यात दोन्ही वेळच्या जेवणात मासा असतो आणि वीस किलोची नातही तोच खाते. ८० किलोच्या माणसासाठी आखलेली रेघ तिच्या ताटाला लावता येणार नाही. युरोपीय संघात ताज्या शिंपल्यांसाठी बेंझोपायरीनची नेहमीची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. ती आणीबाणीपुरती आखलेली नाही, त्यामुळे १४३ च्या शेजारी ठेवून थेट तुलना करणं योग्य नाही. पण मर्यादा ठरवताना कोणाला समोर बसवता यावर आकडा किती बदलतो, ते यातून दिसतं. आपल्या किनाऱ्यासाठी असा आकडा ठरवायचा असेल तेव्हा कोळीवाड्यातलं ताट मोजूनच ठरवावा.

खुलं केलेलं पाणी पुन्हा बंद करावं लागलं, असं कधी झालंय?

झालंय, आणि माझ्या मते आखातातल्या सगळ्या कारवाईत हा प्रसंग सर्वांत बोलका आहे. नोव्हेंबर २०१० च्या मध्यावर एक मोठा पट्टा खुला केला होता. थोड्याच दिवसांत एका बोटीच्या जाळ्यात, खोल पाण्यातल्या ‘रॉयल रेड’ कोळंबीबरोबर डांबराचे गोळे आले. ही कोळंबी इतर कोळंबीपेक्षा खूप खोल राहते आणि तिच्यासाठी जाळं थेट तळाला टेकवून ओढावं लागतं. त्या मच्छीमाराने मालावर पडदा न टाकता कळवलं. २४ नोव्हेंबरला नोआने सुमारे १०,९०० चौरस किलोमीटर पाणी फक्त या कोळंबीसाठी पुन्हा बंद केलं. बाकीची मासेमारी चालू राहिली. फेब्रुवारी २०११ च्या सुरुवातीला तपासानंतर तेही खुलं झालं.

मच्छीमाराने आपणहून कळवणं ही त्यातली मोठी गोष्ट. कळवलं तर आपलंच पोट मारलं जाईल अशी भीती असेल तर कोण कळवेल?

बंदी किती दिवस चालते?

आखातात शेवटचा तुकडा, विहिरीभोवतालचा सुमारे २,७०० चौरस किलोमीटरचा, १९ एप्रिल २०११ रोजी खुला झाला. म्हणजे पहिल्या बंदीपासून जवळजवळ वर्षभराने.

स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवर ५ जानेवारी १९९३ रोजी ब्रेअर हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा समुद्रातल्या माशांवरची बंदी काही महिन्यांत उठली. शिनाण्यांवरची आणि तळाच्या गाळात बिळं करणाऱ्या शेवंडीच्या एका जातीवरची बंदी मात्र २००० सालापर्यंत टिकली. पाणी कधीच निवळलं होतं, गाळ निवळला नव्हता.

मुंबईत २०१० साली काय घडलं होतं?

चित्रा न्हावा-शेवाहून कंटेनर भरून बाहेर पडत होतं. त्याच्या टाक्यांत सुमारे २,६०० टन इंधन होतं. त्यातलं अंदाजे ८०० टन सांडलं. जहाज इतकं कललं की शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशक होतं. तेल उरण, अलिबाग, घारापुरीकडे आणि ठाणे खाडीच्या तिवरांत शिरलं.

वेळ किती वाईट होती ते पाहा. पावसाळी बंदी संपत आलेली. बोटींची डागडुजी झालेली, जाळी विणून तयार, डिझेल-बर्फाचं कर्ज काढलेलं. २४ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. मोसमाचा पहिला माल, ज्यावर वर्षाचं गणित बसतं, तोच हातातून जायची पाळी. मासेमारी थांबवायला सांगितलं गेलं, मासे खाऊ नका असा सल्ला फिरला आणि गिऱ्हाईक सगळ्याच माशांकडे पाठ फिरवून गेलं. गुजरातहून बर्फात आलेल्या मालाकडेही.

आपल्याकडे बंदीचा आदेश कुणी द्यायचा?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याकडे आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि काम मत्स्यव्यवसाय विभाग बघतो. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्र. समुद्रातलं तेल आवरण्याचा समन्वय तटरक्षक दलाकडे, बाजारातल्या अन्नाची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे. इतके हात असताना मच्छीमाराला एकच नकाशा आणि एकच आवाज मिळणं महत्त्वाचं.

अलीकडचं उदाहरण केरळचं. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा-३ हे कंटेनर जहाज कोचीजवळ बुडालं, तेव्हा राज्याने बुडालेल्या जहाजाभोवती २० सागरी मैलांच्या वर्तुळात मासेमारी करू नका असं सांगितलं. असं ठराविक वर्तुळ आखण्याचा फायदा म्हणजे बाकीचा समुद्र खुला आहे हेही त्याच दमात कळतं.

बंदीच्या दिवसांची भरपाई मिळते का?

तेल कुठून सांडलं यावर ते पुष्कळसं अवलंबून असतं. तेलवाहू टँकर फुटला तर १९९२ च्या आंतरराष्ट्रीय तेलप्रदूषण भरपाई निधीकडे दावा लावता येतो, भारत त्याचा सदस्य आहे, आणि बंदीमुळे बुडालेली कमाईही त्यात धरतात. पण चित्रा किंवा एल्सा-३ हे टँकर नव्हते. मालवाहू जहाजाच्या स्वतःच्या इंधनाला हा निधी लागू होत नाही. मग जहाजमालक, त्याचा विमा आणि न्यायालय, असा रस्ता उरतो. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या एमव्ही रॅक या कोळशाच्या जहाजाबाबत राष्ट्रीय हरित लवादाने जहाजमालकांना १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला, तो २०१६ मध्ये. पाच वर्षांनी! डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईच्या एन्नोर खाडीत तेल पसरलं तेव्हा तामिळनाडू सरकारने कुटुंबामागे १२,५०० रुपये तरी त्यामानाने लवकर दिले.

दावा कशाच्या जोरावर लावायचा? बोटीची नोंदणी, डिझेलचा कोटा, सोसायटीच्या पावत्या, लिलावाच्या चिठ्ठ्या. हे कागद आजच नीट ठेवा.

आणि ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांचं काय? ओहोटीला खाडीत उतरून कालवं फोडणाऱ्या, तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची नोंद कुठल्याही बोटीच्या पुस्तकात नसते. त्यांच्या मालावरची बंदी सर्वांत लांब चालते आणि भरपाईच्या यादीत त्यांचं नाव सर्वांत शेवटी येतं, आलंच तर. आखातातल्या भरपाईच्या तडजोडीत घरी खाण्यापुरते मासे धरणाऱ्यांसाठी दाव्याचा वेगळा प्रकार ठेवला होता. आपल्याकडे मच्छीमार सोसायट्यांनी या बायकांची यादी अपघाताची वाट न बघता करायला हवी. पैसे मिळणार नसतील तर उपाशी पोटी कुणी बंदी पाळणार नाही, आणि त्यांनी ती पाळावी असं सांगण्याचा हक्कही आपल्याला उरत नाही.

मीठ-हळद लावून, चिंचेच्या पाण्यात ठेवून किंवा चांगलं तळून तेल जातं का?

नाही. धुण्याने वरचा थर जातो, मांसात शिरलेलं जात नाही. उलट जाळावर भाजताना आणि धुरी देताना पीएएच नव्याने तयार होतात. सुकवल्याने पाणी उडतं आणि उरलेलं सगळं घट्ट होतं. त्यामुळे बंदीच्या काळातला संशयित माल सुकट करून ठेवू, नंतर विकू, हा विचार कृपा करून नको. वाळवायची ओटी किंवा बांबूचे मांडव किनाऱ्यावर तेल लागलेल्या जागी असतील तर दुसऱ्या पाण्यातला स्वच्छ बोंबीलही तिथे खराब होईल.

गोव्यात, सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या तोंडाला डांबराचे गोळे येतात. तेव्हाही मासे बंद करावेत का?

ते गोळे समुद्रात बरेच दिवस फिरून घट्ट झालेलं तेल असतं. हलके, लवकर मिसळणारे घटक तोवर उडून गेलेले असतात. पुळणीवर गोळे दिसले म्हणून खोल समुद्रातला मासा टाकायचं कारण नाही. त्या किनाऱ्यावरच्या खडकावरची कालवं मात्र काही दिवस राहू द्या. गोळे जाळ्यात आले तर तो फेरा विकू नका आणि जागेची नोंद करून कळवा.

बंदी असताना बाजारातले मासे खावेत का?

बंद हद्दीबाहेरचा मासा खायला हरकत नाही. बंदी नीट पाळली जाते तेव्हाच बाकीच्या बाजाराला हात लावायची गरज पडत नाही. विक्रेतीला माल कुठल्या बंदरातला ते विचारा. आपल्या नेहमीच्या मावशी खोटं सांगणार नाहीत, त्यांना उद्याही तुम्हीच गिऱ्हाईक हवे असता. गोड्या पाण्यातला रोहू-कटला तर या भानगडीत नाहीच. खाडीतल्या तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या यांच्याबाबत जाहीर निकाल येईपर्यंत थांबा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर निकालानंतरही थोडे आठवडे.

माशाला रॉकेलसारखा वास आला तर काय करायचं?

खाऊ नका, मांजरालाही घालू नका. कुणाकडून घेतला, कधी घेतला आणि तो कुठल्या बंदरावरचा होता हे लिहून ठेवा. विक्रेतीला सांगा, म्हणजे तीही बोटवाल्याला विचारेल. मग अन्न व औषध प्रशासनाच्या किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला कळवा. शिजवलेला असो वा कच्चा, उरलेला तुकडा स्वच्छ काचेच्या बरणीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. टाकून दिलात तर तपासायला काहीच उरणार नाही.